परतीची तार

जिन्यातलं झुंबर लागलं आणि फोनवर लेकीशी बोलता बोलता आईने कानातलं यंत्र काढून मुठीत धरलं.

"आला वाटतं भुंगा," वायरमन मुलगा जिन्यातून म्हणाला. फोनवर बोलताना आईच्या कानात गुणगुणणाऱ्या या भुंग्याची गोष्ट त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला इतकी रंगवून सांगितली होती, की पाहुणे आधी भुंग्याची खुशाली विचारत, मग आईची. "वय झालं कानांचं, आई."

गंमत म्हणून त्याने झुंबर मालवलं. आईने यंत्र कानात घातलं. त्याने पुन्हा लावलं. यंत्र मुठीत. तिसऱ्यांदा मात्र त्याचा हात बटणावरच राहिला.

"नंतर बोलू गं," म्हणत आईने फोन ठेवला. हल्ली ती रोजच असा ठेवायची. आईला आपल्याशी बोलायचंच नसतं, असं त्याच्या ताईने मनात घेतलं होतं.

जाणारी तार आणि परतीची तार नवराबायकोसारखी जोडीने न्यावी. फारकत झाली की मधल्या जागेत नुसत्या कानाला ऐकू न येणारी चुंबकी गुणगुण पसरते. हे तो हाताखालच्यांना दरडावून शिकवायचा. स्वतःच्या घरी मात्र नवा गिलावा फोडायचं जिवावर आलं, म्हणून झुंबराची परतीची तार त्याने वरच्या मजल्याच्या तारेत खुपसली होती. दोन्ही तारांच्या मधोमध आली आईची खोली. फोनसाठी यंत्राचं बटण दाबलं, की यंत्र ती गुणगुण इमानेइतबारे ऐकवत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने भिंत फोडली, परतीची तार जोडीला आणून बसवली आणि फुंकर मारून यंत्र आईच्या हातात दिलं.

"कचरा होता. साफ केलाय."

आईने जिन्यातल्या चुन्याच्या ढिगाकडे पाहिलं.

"बराच निघाला रे कचरा."

तो खाली बसून चुना सुपलीत भरू लागला.

"झुंबर लागलं की यायचा तो," आई म्हणाली. "पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"पाहुण्यांना हाताला धरून वायरिंग दाखवायचास. म्हटलं, कान काय, माझेच आहेत."

तेवढ्यात फोन वाजला. झुंबर लागलेलंच होतं. आईने बटण दाबून फोन कानाशी धरला.

"बोल गं. हो, अगदी स्वच्छ. यंत्रच बिघडलं होतं. याने साफ केलं."

वायरमन सुपली फिरवत राहिला. चुना केव्हाच भरून झाला होता.