भिवया कोरून ये

साखरपुड्याला नवऱ्या मुलाची थोरली बहीण हौसा आली होती. तिनं माझ्या लेकीची, शकूची हनुवटी उचलली, तोंड उजेडाकडं फिरवलं आणि म्हणाली, "पोरगी झ्याक हाय. फकस्त लग्नाआधी भिवया कोरून ये गो."

ही हौसा लग्न होऊन मुंबईला गेलेली. तिच्या स्वतःच्या भिवया म्हणजे काजळाच्या काडीनं ओढलेल्या दोन रेघा. आणि शकूनं उचललेल्या माझ्या. दाट, काळ्या, मधे एकमेकींना भेटलेल्या. माझ्या माहेरच्या सगळ्या बायकांच्या तशाच. मी म्हटलं, "आमच्याकडं भिवया भरपूर पिकतात. तुला कमी पडल्या असतील तर ने थोड्या." बाया हसल्या. मला वाटलं, विषय मिटला.

पण पोरीच्या मनात तो शब्द रुतून बसला. आता आमच्या वरंध गावात कोरतो कोण? तर चांगू न्हावी. पुरुषांच्या मिशा कोरतो, कल्ले कोरतो, वस्तऱ्यानं. दुसरं कोरणं पोरीनं बघितलंच नव्हतं. हळदीच्या दिवशी सगळ्या बाया मांडवात गुंतलेल्या बघून तिनं भावाच्या दाढीच्या डब्यातली पत्ती घेतली आणि माजघरात आरसा घेऊन बसली.

ओरडली तशी मी धावले. डाव्या भिवईला खालच्या अंगानं घास पडलेला. शेळीनं बांधावरून शेतात तोंड घालावं तसा. पापणीवर रक्ताचा थेंब.

"आये, मी भायेर यायाची नाय. ह्ये तोंड घिऊन हौसावन्संच्या म्होरं बसायची नाय."

मी दार लोटून घेतलं. रागवायलाही वेळ नव्हता. नवऱ्याकडच्या बाया कशेडी घाटाखालच्या गावातून ट्रकात बसून उष्टी हळद घेऊन आलेल्या, मांडवात सरबत पीत होत्या. नवऱ्याला लागलेली हळद त्यांच्याच हातानं नवरीला लागायची, तेव्हा पुढचं सगळं. आणि त्यातली पहिली हळद हौसाची. लग्नघरात नवरीच्या तोंडाला पत्ती लागलेली तिनं बघितली असती तर संपलंच. पुरुषांची दाढी सोडली तर आमच्याकडं पत्ती-वस्तरा लागतो तो सुतकात, लग्नात तो अपशकुन. पोर सासरी म्हातारी झाली असती तरी त्या गावानं ती गोष्ट सोडली नसती.

पहिला इलाज माझा. कमरेच्या किल्ल्यांच्या जुडग्यात काटे काढायचा चिमटा असतो, तो घेतला. म्हटलं, दुसरी भिवई ह्या कापलेलीच्या मापाची करू. पण चिमटा एका वेळी एकच केस धरतो. धरतो तो धरतो, नाहीतर मधेच तोडतो. प्रत्येक केसाला शकूचं "आये गो!" वेगळं. असं करत बसले असते तर हळद दुसऱ्या दिवशी लागली असती. मग चुलीतली राख आणायला उठले. माझ्या लग्नात आत्यानं माझ्या कपाळावरची लव राखेच्या चिमटीनं उपटली होती. राखेनं केस बोटात घसरत नाही. पण इथं कातडी कापलेली, खाली डोळा. तशीच उभी राहिले.

तेवढ्यात दार ढकलून माझी सून आत आली. रतन. लालबागची. गिरण्या बंद पडल्या तसा माझा महिपती तिला घेऊन गावी आला. हिला भातलावणीला आवणाच्या रोपांची मूठ धरता येत नाही, चुलीवरची भाकरी एका अंगानं करपते. तिनं शकूकडं बघितलं, ओरडली नाही की हसली नाही.

"आई, दोऱ्याचं रीळ द्या."

"भिवई शिवतेस काय आता?"

"शिवत नाही. कोरते."

मी गोधडीचा दोरा दिला. तिनं दोन बोटांत फिरवून परत केला. "पीळ सैल आहे, तुटेल." गिरणीत सूतखात्यात राबलेल्या बापाची लेक ती. मग झंपर शिवायचा बारीक दोरा घेतला. शकूच्या पापणीवरचं रक्त टिपलं, खाली बारीक ओरखडाच होता. तिला माझ्या मांडीवर निजवलं आणि मला म्हणाली, "आई, एक बोट भिवईच्या वर, एक पापणीवर. कातडी ताणून धरा. ढिली सोडू नका."

मला, माझ्या घरात, असं सांगणारी ही पहिलीच. पण मी धरली.

तिनं दोऱ्याचं एक टोक दातात घेतलं, बाकीचा दोन्ही हातांत, मधे पीळ टाकला. मान जरा मागं गेली आणि तो पीळ धावला. कर्रर्र. पुन्हा आला, पुन्हा धावला. माझ्या डोळ्यांसमोर, वीतभर अंतरावर, साध्या दोऱ्याची कातर झाली होती. कातर कापते, ही तर मुळासकट घेत होती, आणि एकेक नाही, ओळच्या ओळ. जन्मभर मी दोरा ओवला, गुंडाळला, गाठी मारल्या. त्याच्यात हे दडलेलं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी श्वास धरून बसले. माझ्या श्वासानं तिचा हात हलेल अशी भीती वाटली मला!

"पत्ती वरवर कापते," ती दोरा बदलताना म्हणाली. "दोन दिवसांत खुंट टोचले असते. आता किनारच वर नेते, घासाच्या उंचीला. दुसरी तशीच. मग घास राहतच नाही."

आणि खरंच राहिला नाही. घास होता तिथं धनुष्याची कमान आली. पण त्याहून नवल म्हणजे शकूचे डोळे. त्यांना कुणी बोट लावलं नव्हतं, तरी मोठे झाले. मी जिला न्हाऊ घातलं, जिचं तोंड मला पाठ होतं, तिचं तोंड मी पहिल्यांदा बघत होते.

रतन थांबली. "मधले काढू?"

भिवया एकमेकींना भेटल्या होत्या तिथं मी बोट फिरवलं.

शकू डोळे मिटूनच म्हणाली, "थोडं ऱ्हाऊ दे वयनी. ते आयेचं हाय."

रतननं दोन-चार फेऱ्यांत मधली दाटी विरळ केली आणि बारीक लव तशीच ठेवली, कणसाच्या कुसासारखी. शकूनं आरसा घेतला. आधी डावी बघितली, मग उजवी. मग उठून स्वतःच दार उघडलं.

मांडवात हौसानं हळदीचा वाडगा घेतला. नुकत्या ओढलेल्या लालभडक कातडीवर हळद झोंबली असणार, शकूच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान हलली नाही. हौसाचं बोट भिवईशी अडखळलं. मग हळूहळू या टोकापासून निघालं आणि मधे न उचलता थेट त्या टोकाला गेलं.

"गो, कुठं कोरल्यास? महाडात पार्लर निघालं काय?"

"आमच्या माजघरात निघालंय," मी म्हटलं. "पण कातडी धरायला मी बसते. तुझी धरायची का नाय, ते बघू."

बाया खो खो हसल्या. हौसापण हसली, आणि हसता हसता तिचा हात स्वतःच्या भिवईकडं गेला.