सारख्या चढाच्या दोन रेषा

शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री फिरवताना ती मध्येच थांबली, आणि थांबल्याबरोबर तिने इस्त्री उचलून उभी ठेवली. दुसरी एखादी असती तर शर्ट जळाला असता. हिच्या हातून आजवर काही जळालं नव्हतं. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये बारा तऱ्हेच्या रसायनांशी ज्याची गाठ आहे, त्याला धक्का खातानाही हात सांभाळायची सवय असते.

भिंतीपलीकडे, पुढच्या खोलीत, तिच्या नवऱ्याचा क्लास चालू होता. प्रवेश परीक्षांचं गणित शिकवणारा हा माणूस गल्लीत सगळ्यांचा ‘सर’ होता. भाजीवालाही त्यांना सरच म्हणे, आणि तिच्या आईनेही लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी ‘जावईबापू’ सोडून ‘सर’ धरलं होतं. क्लासच्या वेळेला ती एरवी लॅबमध्ये असायची. या आठवड्यात सकाळची पाळी लागली, म्हणून दुपारी घरी होती. भिंतीला कान लावायची गरज नव्हती. भिंत नावालाच भिंत होती.

“रेषा एल आणि रेषा एम एकमेकींना छेदतात का?” सर फळ्यावरचं वाचत होते. “विधान एक, दोघींचा स्लोप तीन. विधान दोन, एल ही वाय-अक्षाला चारवर छेदते. उत्तर काढायचं नाहीये. एवढंच सांगायचंय, की दिलेली माहिती उत्तराला पुरेशी आहे का. बोल रे, खिडकीवाल्या.”

“पहिलं विधान पुरेसं आहे, सर. स्लोप सारखा म्हणजे चढ सारखा. म्हणजे समांतर. म्हणजे भेटायचा प्रश्नच नाही.”

“वा. आणि त्या दोन रेषा आहेत हे तुला कोणी सांगितलं?”

“प्रश्नातच आहे ना, सर. एल आणि एम.”

“नावं दोन आहेत. रेषा एकच असली तर? तुला शाळेत एक नाव, घरी एक नाव. म्हणून तुझी आई दोन ताटं वाढते का?”

पोरं हसली.

“एकच असतील तर पावलोपावली भेटतात. वेगळ्या असतील तर कधीच नाही. एम कुठे छेदते ते सांगितलंय का? नाही. म्हणजे दोन्ही विधानं जोडूनही माहिती अपुरीच. दरवर्षी याच खड्ड्यात निम्मी जनता पडते.”

“आणि हा तर ठरवून पडला, सर,” एक मुलगी म्हणाली. “याची ताई तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडेच होती. तिनं याला सांगून ठेवलंय, सर पहिल्याच आठवड्यात हा सापळा लावतात म्हणून.”

“ताईचं कोण ऐकतं,” खिडकीवाला पुटपुटला, आणि पुन्हा हशा झाला.

तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. राहिलेली बाही तशीच चुरगळलेली ठेवून शर्ट हँगरला लावला.

गेल्या वर्षी याच घरात, जेवणाच्या टेबलावर, सरांनी तिलाही प्रवेश परीक्षेसाठी शिकवलं होतं. आरोग्य व्यवस्थापनाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम, दूरच्या शहरात, वसतिगृहात राहून. तो झाला की लॅबच्या खिडकीआड रक्ताच्या नमुन्यांना नावांच्या चिठ्ठ्या लावणं संपून लॅब चालवणं सुरू होणार होतं. सरांनी नाही म्हटलं नाही. उलट फॉर्म त्यांनीच भरला, पासवर्डसुद्धा त्यांनीच ठरवला. रोज संध्याकाळी पेन्सिली टोकदार करून बसायचे. परीक्षेच्या दिवशी केंद्राबाहेर उन्हात तिची पर्स सांभाळत उभे राहिले. जमेच्या बाजूला मांडायचं म्हटलं तर पान पुरलं नसतं, आणि तिने ते सगळं मांडलंही होतं, मनात, कृतज्ञतेच्या शाईने.

त्याच टेबलावर ते म्हणाले होते, “स्लोप सारखा दिसला, की पुढचं वाचूच नकोस. समांतर. खूण कर आणि सूट. वेळ वाचव.”

तिने विचारलं होतं. हे आता आठवलं तसं ती खुर्चीवर बसली. तिने तेव्हाच विचारलं होतं, “आणि एकाच रेषेला दोन नावं दिली असली तर?”

सर हसले होते. तिच्या डोक्यावर टपली मारून म्हणाले होते, “इतक्या खोलात कोणी जात नाही गं. लॅबमधली शंकेखोरी इथे आणू नकोस.”

निकाल लागला तेव्हा प्रवेशाची यादी तिच्या नावाच्या जरा वर संपली होती. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून चूक दुहेरी महाग पडते. त्या दिवशी सर जेवले नाहीत. तिनेच त्यांची समजूत काढली, तिनेच वाढलं, तिनेच म्हटलं, तुम्ही काय कमी केलंत माझ्यासाठी. वेबसाइटवर तिची उत्तरपत्रिका आली तेव्हा ते म्हणाले होते, “मला दाखवू नकोस. बघवणार नाही मला.” तिनेही मग ती वरवर चाळून मिटून टाकली होती. नवऱ्याच्या जिवाला लागू नये म्हणून.

संध्याकाळी पोरं गेल्यावर सर आत आले, हात धुतले, जेवायला बसले. माणूस खुशीत होता. क्लास रंगला की त्यांना भूक चांगली लागायची.

“आज तुमचा क्लास ऐकला,” ती म्हणाली.

“अरे बापरे. मग फी भरावी लागेल.”

“छान शिकवता. पोरं किती हसतात.”

“हसवल्याशिवाय बसत नाहीत गं. कुठला भाग ऐकलास?”

“रेषांचा.” तिने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. सर भाताकडे बघत राहिले. भात पुरेसा होता, पण ते नको म्हणाले नाहीत.

ती काही विचारणार नव्हती. हे तिने इस्त्रीच्या वेळीच ठरवलं होतं. विचारलं असतं तर सरांनी उत्तर दिलं असतं. मला तेव्हा सुचलं नाही, घाईत राहून गेलं, तुझ्यासाठी सोपं करत होतो. उत्तरं देणं ही तर त्यांची रोजीरोटी होती. पण सरांची एक खोड तिला ठाऊक होती, संसारात मुरलेल्या बाईलाच ठाऊक असते तशी. प्रश्नाला ते बगल देऊ शकत. चुकीचा आकडा मात्र त्यांना कानाआड करता येत नसे. बसमध्ये परक्या माणसाने बेरीज चुकवली तरी हे मागे वळून दुरुस्त करत.

“मला त्या रेषांनीच बुडवलं बघा,” ती सहज म्हणाली. “तसले तीन प्रश्न होते माझ्या पेपरात.”

“दोन,” सर म्हणाले.

घास तोंडाशी होता, तो तिथेच राहिला. आकडा बरोबर होता, आणि तिचा पेपर तर त्यांनी ‘बघवणार नाही’ म्हणून बघितलाच नव्हता.

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. तिने उठून तो घट्ट केला आणि परत येऊन बसली.

“म्हणजे,” सरांनी घास ताटात ठेवला, “साधारण दोनच विचारतात. दरवर्षी.”

“हो का.”

“अगं, खरंच.”

“मी कुठे नाही म्हटलं?”

ते पाणी प्यायले. पेला रिकामा झाल्यावरही ओठाला लावून बसले. मग तो खाली ठेवून, वर न बघता म्हणाले, “दोन वर्षं म्हणजे फार असतात गं. हे घर, मी, संध्याकाळचं कोणी बोलायला नाही. आणि एकदा तिकडे गेलेलं माणूस...”

वाक्य त्यांनी सोडून दिलं. वर्गात त्यांनी एकही वाक्य असं सोडलं नव्हतं.

“तसं म्हणायचं होतं मग,” ती म्हणाली. “जाऊ नकोस म्हणायचं होतं. मी भांडले असते, रडले असते. कदाचित राहिलेही असते. ते ठरवणं तुम्ही माझ्याकडे ठेवलंच नाही.”

“यंदा मी नीट तयारी करून घेतो तुझी. शपथ.”

“फॉर्म भरलाय मी. या वेळी माझा मीच. वयात बसणारी ही शेवटचीच खेप.” तिने ताटं उचलली. “आणि शिकवाच तुम्ही. तुमच्यासारखं शिकवणारा गावात दुसरा नाही, हे मी आज ऐकलंय. पण या टेबलावर नको. पुढच्या खोलीत. मी मागच्या बाकावर बसेन.”

“पोरांमध्ये? काय म्हणतील ती?”

“म्हणतील, सरांची बायकोसुद्धा सरांचाच क्लास लावते. जाहिरात होईल तुमची.”

“अगं, मी इथेच, तुला एकटीला...”

“पोरांसमोर तुम्ही चुकीचं शिकवत नाही,” ती म्हणाली, आणि भांडी घासायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती वही घेऊन पुढच्या खोलीत गेली तेव्हा पोरं उठून उभी राहायच्या बेतात होती. तिने हातानेच बसवलं. काल ताईवरून खिडकीवाल्याला टोमणा मारणाऱ्या मुलीने सरकून जागा करून दिली. सर फळा पुसत होते. फळा केव्हाच स्वच्छ झाला होता.

“काकू, तुम्हाला सर घरी शिकवत नाहीत का?” मुलीने हळूच विचारलं.

“शिकवतात ना,” ती म्हणाली. तिने पेनाचं टोपण काढलं. “घरी फार मायेने शिकवतात.”

मुलगी हसली. किती छान, असं काहीतरी म्हणाली. फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या सरांचा पुसणारा हात थांबला. मग त्यांनी मार्कर उचलला, मागे वळून न बघता पहिला प्रश्न लिहिला, आणि कोणी काही विचारण्याआधीच त्याच्याखाली, मोठ्या अक्षरात, तो कुठे फसवतो तेही लिहून टाकलं.