दुसरा पक्षी

"ताई, हा एक नाहीये. दोघं आहेत," ती पोर म्हणाली, आणि माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा निकाल लागला.

ते सगळं प्रकरण एकच पक्षी गातो यावर उभं होतं. सरांनी ध्वनिमुद्रण थांबवलं. माझे मार्गदर्शक दोन: प्राणिशास्त्राच्या बाई आणि संगीत विभागाचे सर. विषय पक्ष्यांच्या गाण्यातली लय, म्हणून हा दोन घरचा संसार. दोन्ही विभागांत मिळून मला एक धड खुर्ची नाही. तिकडे मला 'गवईबाई' म्हणतात, इकडे 'पाखरूवाली'. आणि संगीत विभागात नुकत्याच आलेल्या या पोरीला पहिल्याच आठवड्यात खिडकीजवळचं टेबल!

"एक गातो आणि दुसरा मधल्या जागा भरतो. इतकं चटकन, की एकच वाटतो."

"काय कान आहे पोरीचा!" सर खुशीत म्हणाले. इतक्या वर्षांत माझ्या कानाबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

बाई मात्र व्यवहारी. "नुसत्या कानावर मी प्रकरण बदलणार नाही. तू तपासून बघ. काही सापडलं नाही, तर आहे तसं या महिन्यात सादर कर."

घरी नवऱ्याला सांगितलं. "मग नको ना सापडू देऊस," तो चेष्टेत म्हणाला. माझ्या मनातलंच बोलला.

रानात मी झाडाच्या दोन बाजूंना दोन मायक्रोफोन लावायची. दुसऱ्या दिवशी त्याच ध्वनिमुद्रणाचे दोन्हींवरचे आलेख पडद्यावर एकाखाली एक घेतले. देवा, ती चुकू दे, एवढंच मागणं होतं. एक सूर डाव्या मायक्रोफोनला मोठा, पुढचा उजव्याला, मग पुन्हा डाव्याला. एकच पक्षी एवढ्या झपाट्याने झाडाच्या इकडून तिकडे जाऊच शकत नाही.

संगणक बंद केला असता तर कुणी विचारलं नसतं. मी डॉक्टर झाले असते. ती पोर त्या घटकेला मला डोळ्यांसमोर नको होती. तरी आलेख छापून बाईंकडे नेले.

"म्हणजे सगळं पुन्हा मोजायचं," बाई म्हणाल्या. "आणि तिचं नाव घालावं लागेल."

"घालते."

तिथून संगीत विभागात गेले. पोर खिडकीजवळ होती. "तू बरोबर होतीस," मी म्हटलं. चेहरा हसरा ठेवताना गाल दुखले.

ती हुरळली नाही. "पण ताई, तुम्हाला अजून ऐकू येत नाहीये ना?"

'येतंय की,' म्हणणार होते. "नाही गं," म्हणाले.

तिने उठून मला आपली खुर्ची दिली. स्पीकर लावला, माझा हात टेबलावर उताणा ठेवला आणि दुसरा पक्षी गायला की तळव्यावर हलकेच बोट टेकवू लागली. "आता. आता. हा बघा, आता."

मला शेवटपर्यंत एकच पक्षी ऐकू आला. हात मात्र मी काढून घेतला नाही.