घरून सांगितलंय

"मीटर नका सांगू बाई, फुटात सांगा," बोअरवाले काका भिंतीवरच्या नकाशासमोर उभे राहून म्हणाले. "मीटरमध्ये मला खोली दिसत नाही."

बाईंनी कागदाच्या कोपऱ्यावर गुणाकार केला. "सगळ्यात जाड ठिकाणी पंधरा हजार फुटांच्या वर बर्फ आहे, काका."

"आणि त्याच्या खाली?"

"जमीन. डोंगर, दऱ्या. काही ठिकाणी तळीसुद्धा आहेत म्हणे, न गोठलेली."

काका त्या पांढऱ्याफेक नकाशाकडे बघत राहिले. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या अंगणात बोअर पाडले होते, पण नऊशे फुटांपलीकडे त्यांचा दांडा कधी गेला नव्हता. "म्हणजे पायाखाली एवढं पाणी, आणि आमचा पोरगा भोक पाडतोय ते बर्फाच्या कांड्या काढायला!"

"त्या कांड्यांत जुनी हवा अडकलेली असते. हजारो वर्षांपूर्वीची. ती तपासतात."

"आमच्या धंद्यात भोकातून नुसती हवा आली की गिऱ्हाईक मारायला धावायचं," काका म्हणाले आणि स्वतःच खो खो हसले.

दर गुरुवारी ते असे यायचे, दोन बस बदलून. दक्षिण ध्रुवाभोवतीच्या त्या गोठलेल्या खंडावर बाईंच्या संस्थेचं एक संशोधन केंद्र होतं आणि तिथे हिवाळाभर चौदा माणसं राहत; काकांचा मुलगा त्यांतलाच एक. कचेरीत सगळे त्या खंडाला नुसतं 'खाली' म्हणत. गुरुवारी अकरा ते एक बिनतारी यंत्रावर खालच्या माणसांशी बोलता येई. प्रत्येक घराला दहा मिनिटं. बाई सव्वीस वर्षं त्या यंत्रापाशी बसत होत्या. त्यांनी बर्फ पाहिला होता तो शीतकपाटातला, तरी खालचा वारा कुठल्या महिन्यात कुठून सुटतो हे त्यांना पाठ होतं. खाली राहून आलेल्या एका माणसाने एकदा वाण्याच्या दुकानात पाठमोऱ्या बाईंना नुसत्या आवाजावरून ओळखलं होतं. नवरा म्हणायचा, "आमची ही भांडतानासुद्धा शेवटी यंत्रावरच्यासारखं 'ओव्हर' म्हणते."

काकांना ऐकू कमी यायचं. यंत्रातली खरखर आणि मुलाचा आवाज त्यांना वेगळा काढता येत नसे. म्हणून ते शेजारी बसत आणि बाई मध्ये बोलत. "काका म्हणतात, जेवण वेळेवर कर." "काका म्हणतात, दाढी वाढवली असशील तर फोटो काढू नकोस." मुलाने काही सांगितलं की काकांचे उलटे चार प्रश्न ठरलेले. दहा मिनिटं संपली की ते यंत्राला हात लावून निघायचे.

मुलाच्या मुक्कामाच्या पाचव्या महिन्यात एका सोमवारी काकांऐवजी त्यांची मुलगी आली. शाळेत शिवण शिकवायची ती. दारातच उभी राहून म्हणाली, "बाबा गेले, बाई. काल सकाळी. शेजारच्यांच्या नळाचा वॉशर बदलत होते. मी तिथेच होते. बसले ते उठलेच नाहीत."

बाईंनी तिला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं. मग कपाटातून फाईल काढली. प्रत्येक माणूस खाली जाण्यापूर्वी एक फॉर्म भरून देई. त्यात एक ओळ होती : 'वास्तव्याच्या काळात घरी कोणाचे बरेवाईट झाल्यास कळवावे / कळवू नये. नको ते खोडावे.' मुलाने 'कळवावे' खोडलं होतं.

"ते बाबांनी खोडायला लावलं," मुलगी एकदम चिडून म्हणाली. "म्हणाले, दांडा फिरत असताना माणसाचं डोकं घरी असलं तर हात जातो. पण मी नाही लपवणार. त्याचे बाबा आहेत ते."

"कळलं तर तो काय करेल? तिथला समुद्र गोठलाय. हिवाळ्यात बर्फ पसरून तो खंड जवळजवळ दुप्पट होतो. ना जहाज जाईल, ना विमान. अजून पाच महिने."

मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत बसली. शेवटी म्हणाली, "मग तुम्हीच बोला. माझ्याने बोलवणार नाही."

गुरुवारी बाई बोलल्या. "घरी कसं काय?" मुलाने विचारलं. बाईंच्या ओठांवर 'काका म्हणतात' हे शब्द आले आणि तिथेच थांबले. "घरून सांगितलंय, तब्येतीला जप," त्या म्हणाल्या. त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी भाजीत दोनदा मीठ घातलं. नवऱ्याने मुकाट्याने खाल्लं.

पुढच्या गुरुवारी मुलाचा आवाज वेगळाच होता. "बाई, ड्रिल अडकलंय. एकशे चाळीस मीटरवर. बर्फाचा भुसा गच्च बसलाय आणि आता सगळंच गोठायला लागलंय. हे गेलं तर वर्षाचं काम गेलं. इथले म्हणतात विंचने खेचू. दोर तुटेल अशी भीती वाटते मला. बाबांना विचारा ना. दुपारी पाच मिनिटं यंत्रावर येतो."

बाईंनी कचेरीतल्या इंजिनिअरांना गाठलं. त्यांची दोन मतं झाली आणि ते आपसातच वाद घालत बसले. मग बाईंनी शाळेत फोन लावला. मुलगी शिवणाचा तास सोडून आली.

"मला काय कळतं त्यातलं?"

"लहानपणी बोअरवर जायचीस ना त्यांच्याबरोबर? दांडा अडकला की काय करायचे ते?"

मुलीने डोळे मिटले. "ओढायचे नाहीत. कधीच नाही. गडी ओढायला लागले की शिव्या घालायचे. दांडा ताणात ठेवायचे, थोडा खाली द्यायचे, उलटा फिरवायचे. मग वरून पाणी सोडायचे आणि चहा मागवायचे."

"पाणी सोडलं तर तिथे जागच्या जागी दगड होईल त्याचा."

"मग जे गोठत नाही ते सोडायला सांगा. गाडीत घालतात ते काहीतरी असतं ना? आणि थांबायला सांगा. बाबा दोन-दोन दिवस थांबायचे. शेतात खाट टाकून झोपायचे."

बाईंनी एकेक शब्द लिहून घेतला, इंजिनिअरांना दाखवला. ते एकमेकांकडे बघून म्हणाले, "करून बघायला हरकत नाही." दुपारी बाईंनी तो कागद यंत्रावर वाचला. सुरुवात तीच केली. "घरून सांगितलंय."

शनिवारी तार आली : ड्रिल सुटले. मुलीने ती दोनदा वाचली आणि तोंडाला ओढणी लावून बाईंच्या टेबलाशीच रडली.

त्यानंतरच्या गुरुवारी ती स्वतःहून आली आणि वडिलांच्या खुर्चीत बसली. बाहेर बाकावर इतर घरची माणसं आपल्या पाळीची वाट बघत होती. खाली केंद्रावर स्वयंपाक करणाऱ्याची म्हातारी आई सगळ्यात पुढे होती.

यंत्राचा कर्णा खरखरला; त्यातून मुलीलाही ऐकू येत होतं. मुलाने वारा सांगितला, तापमान सांगितलं. एकशे पंचावन्न मीटरवर एक राखेचा पट्टा लागला होता, कुठल्यातरी जुन्या ज्वालामुखीचा. तो सांगताना त्याचा आवाज खुलला.

"बाई, एक विचारू?"

"विचार."

"गेले दोन गुरुवार तुम्ही 'काका म्हणतात' असं म्हटलं नाहीत. 'घरून सांगितलंय' म्हणता. आणि ड्रिलचं उत्तर एका दमात आलं. बाबांनी आधी फुटात विचारलं असतं." खरखर. "बाबा आहेत ना?"

बाईंचा हात बटणावर होता. "फॉर्मवर काय खोडलं होतंस, आठवतंय ना?"

"आठवतंय. तेव्हा घरी जेवणाच्या टेबलावर बसून खोडलं होतं, बाबा समोर होते. आता मी विचारतोय. तुम्ही खोटं बोलत नाही, एवढं मला कळलंय. म्हणून तुम्हालाच विचारतोय."

बाईंनी मुलीकडे पाहिलं. तिने मान डोलावली.

"बाळा, काका गेले," बाई म्हणाल्या. "अठरा दिवस झाले. हृदय बंद पडलं. काम करता करता गेले, त्रास झाला नाही. ताई त्यांच्याजवळ होती. आताही ती माझ्याशेजारीच बसली आहे."

'ओव्हर' म्हणायचं त्यांना सुचलं नाही. त्यांनी नुसतं बटण सोडलं.

मग अगदी बारीक आवाजात : "ड्रिलचं मग कोणी सांगितलं?"

बाईंनी कानावरचा संच काढला, मुलीच्या डोक्यावर नीट बसवला आणि तिचं बोट बटणावर ठेवलं. "दाबलंस की बोलायचं, सोडलंस की ऐकायचं."

"मी सांगितलं रे," मुलगी म्हणाली. "बाबांचंच होतं ते. मी फक्त..." तिने बटण सोडलं.

यंत्र चालू असताना बाईंनी ते ऐकत बसायचं आणि वहीत टिपायचं, असा नियम होता. सव्वीस वर्षांत त्यांनी खुर्ची सोडली नव्हती. त्यांनी वहीत वेळ लिहिली, समोर लिहिलं, 'घरगुती बोलणे', आणि त्या उठल्या.

बाहेर सगळ्यांनी माना वर केल्या. "आज उशीर होणार आहे," बाई म्हणाल्या. "कदाचित तुमची पाळी येणारही नाही. एका पोराचे वडील गेलेत. बहीण बोलतेय त्याच्याशी."

मग स्वयंपाक्याची आई म्हणाली, "बोलू द्या. मला काय, गुडघा बरा आहे एवढंच सांगायचं होतं. पुढच्या गुरुवारीही बराच असेल." मागच्या एका बाईने हातातली लिहून आणलेली चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवली. उठून मात्र कोणीच गेलं नाही.

बाईंनी दार हलकेच ओढून घेतलं. म्हातारी बाकावर जरा सरकली. बाई तिच्याशेजारी बसल्या, हात मांडीवर ठेवून, आत चाललेल्या बोलण्याचा एकही शब्द कानावर येणार नाही इतक्या दूर.