कुऱ्हाड्यांचा अर्धा र

डोहवाडीत कृष्णेचं पाणी असं चढलं, की देवळाच्या कळसावर बेडकं ओळीनं बसून गाव बघत होती. यादीच्या कामाला बाहेरून आलेल्या कुणालला मात्र यातलं काही दिसत नव्हतं. माळावरच्या शाळेत छावणी होती; तिथं प्रयोगशाळेतल्या हाडांच्या सापळ्याशेजारी लॅपटॉप मांडून तो सकाळपासून दोन याद्या जुळवत होता. एक अख्ख्या गावाची, दुसरी छावणीत पोचलेल्यांची. पहिलीत आहे आणि दुसरीत नाही, तो माणूस पाण्यात अडकला. त्याच्यासाठी बोट पाठवायची. एवढं सोपं काम.

सोपं कसलं! यंत्र सांगत होतं, दोनशे बारा माणसं अडकलीत. त्यातला सयाजी खिडकीत उभा राहून चहा पीत होता.

"आवं कुणालराव, मी बुडालोय व्हय? मग ह्यो चहा कोण पितंय?"

तलाठ्यानं टाइप केलेली गावाची यादी व्हॉट्सॲपवरून दहा मोबाईलांतून फिरत आली होती, आणि येताना नावांच्या आगंमागं न दिसणारी अक्षरं चिकटवून आली होती. ती डोळ्याला दिसत नाहीत, कागदावर छापली जात नाहीत, पण यंत्र त्यांना धरतं. लॅपटॉप उपडा करून झटकला असता तर घमेलंभर निघाली असती. त्यांच्यापायी इथला सयाजी आणि तिथला सयाजी यंत्राला दोन वेगळे गडी वाटत होते.

बोट एकच. ती चार फेऱ्या मारून रिकाम्या घरांना हाका देऊन आली. पूर-समितीचे प्रमुख लालासाहेब, फौजेतले निवृत्त सुभेदार, दारातून गरजले, "कुणाल, यादी नीट कर, न्हाई तर त्या सापळ्याला बसवतो तुझ्या जागी!"

मग कुणालनं एक रेग्युलर एक्सप्रेशन लिहिलं. म्हणजे अक्षरांची चाळण. न छापलं जाणारं अक्षर ज्या नावात सापडेल, ते नाव ओळीसकट बाहेर. फिरून फिरून यादीत प्रत्येक नाव दोन-तीनदा आलेलंच होतं. घाणेरडी गेली तरी एखादं स्वच्छ उरेल, असा त्याचा हिशेब. दोन्ही याद्या चाळल्या. दोनशे बाराचे झाले शून्य. लालासाहेबांनी त्याची पाठ थोपटली, ती दोन दिवस दुखेल अशी, आणि बोट खालच्या गावाला पाठवून दिली.

तीन वाजता बनुबाई आली. पदरातून नुसतं पाणी निथळत होतं.

"बाळा, आमचं मालक आलं न्हाईत अजून. म्हशी सोडून मागनं यील त्या बोटीनं येतो म्हणालं हुतं."

"काकू, गाव रिकामं झालंय. यादीत कुणी राहिलेलं नाही."

"न्हाई कसं? नाथाजी कुऱ्हाडे."

कुणालनं शोधलं. नाथाजी नव्हता. नुसतं कुऱ्हाडे शोधलं, तरी नाही. "तुमच्या गावात कुऱ्हाडेच नाहीत, काकू."

बनुबाईनं अंगणाकडं हात केला. तिथं तिच्या भावकीतली चाळीस माणसं पंगतीला बसली होती. "मग ही काय भुतं जेवत्यात व्हय रं?"

 कुणालनं न चाळलेली जुनी यादी उघडली. कुऱ्हाडे, कुऱ्हाडे, कुऱ्हाडे. सगळे होते, तीन-तीनदा होते. तलाठ्याच्या कीबोर्डावर तो अर्धा र पुढच्या ह-ला कोयत्याच्या पात्यासारखा चिकटवायचा, तर मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालावं लागतं. छावणीतल्या कीबोर्डावरही तसंच. म्हणजे बाकीच्यांच्या नावातली ती घाण होती, आणि कुऱ्हाड्यांच्या नावाचा तो सांधा होता. त्यांचं स्वच्छ नाव उरणारच कुठून? चाळणीनं अख्खी भावकी दोन्ही याद्यांतून उचलून टाकली होती. चाळीस इथं जेवत होते म्हणून कुणाला पत्ता लागला नाही.

बोट धारेविरुद्ध परत यायला दीड तास गेला. कुणाल हट्टानं तिच्यात बसला. सयाजी वाट दाखवायला. घराचा पत्रा बुडालेला होता. नाथाजीनं पटक्यानं स्वतःला लिंबाच्या फांदीला बांधून घेतलं होतं, आणि पाणी त्याच्या डोक्यावर वीतभर चढलं होतं. सयाजीनं गाठ सोडली. नाथाजीचे हात अजून ताठले नव्हते; जीव जाऊन फार वेळ झाला नव्हता. 

काठावर बनुबाई उभी होती. तिनं आधी नवऱ्याच्या तोंडावरचा गाळ पदरानं पुसला. मग विचारलं, "यादीत नाव नव्हतं, म्हणून बोट गेली न्हाई. व्हय?"

"तलाठी लिवायचं इसरला असंल, वैनी," लालासाहेब कुणालकडं न बघता म्हणाले.

"लिहिलं होतं, काकू," कुणाल म्हणाला. "बरोबर लिहिलं होतं. मीच काढलं."

"का रं?"

कुणाल सांगायला लागला. अर्धा र, त्याच्या पोटातलं न दिसणारं चिन्ह, ती चाळण. गाळात बोटानं अक्षर काढून दाखवलं, पाण्यानं ते पुसलं, त्यानं पुन्हा काढलं. बनुबाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.