रिकामा परतलेला टोप

मित्रांनो, माझं झाकण वाकडं बसतं म्हणून हसू नका. समुद्रकाठच्या महदिया गावातल्या तांबट गल्लीत ठोके खाऊन घडलेला मी एक जुना तांब्याचा टोप आहे. मन्नुबियाबरोबर मी तिच्या सासरी आलो. माझ्या बुडावर तिचं नाव कोरलेलं आहे. तिचा नवरा हेदी समुद्रावरून मासे आणायचा आणि ती माझ्यात रस्सा करायची. तिच्या चारही बाळंतपणांत झ्रीर माझ्यातच कालवलं गेलं. तीळ, बदाम, लोणी आणि मध! बाळंतिणीने खायचं आणि बघायला येणाऱ्यांनी बोटं चाटायची. दर वर्षी कल्हई झाली की मी स्वतःलाच राजा समजत असे.

मग गेल्या वसंतात मन्नुबियाला गर्भाशयाचा कर्करोग निघाला. डॉक्टरीणबाईंनी गर्भाशय काढलं आणि त्याला लागून असलेला योनिमार्गाचा भागही काढला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "पिशवी काढली," तेही आवाज खाली करून. मला त्याचं नवल वाटलं. तुम्ही सगळे अशाच पिशवीतून तर आलात!

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की दोन महिने चहाच्या किटलीपेक्षा जड काही उचलायचं नाही, आतले टाके सुटले तर जिवावर बेतेल. मन्नुबियाने मान डोलावली. पण आमच्या गावात भरून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. शेजारणी रोज काही ना काही आणत होत्या आणि त्यांची भांडी फळीवर साठत होती. नवव्या दिवशी हेदी होडीवर गेलेला पाहून ती उठली. सगळ्यांना पुरेल एवढा रस्सा करावा म्हणून तिने मला पाण्याने भरलं आणि उचललं.

मी खाली पडलो. झाकण तेव्हाच वाकलं. तिच्या पायाशी पाणी होतं आणि त्यात रक्त होतं.

आवाज ऐकून शेजारची जलीला कडेवरच्या मुलासकट धावत आली. दवाखान्यात एक टाका पुन्हा घालावा लागला. डॉक्टरीणबाई तिला पुष्कळ रागावल्या. तरी घरी आल्यावर मन्नुबियाची एकच रड, की माझ्या घरून भांडी रिकामी गेली तर मी तोंड कसं दाखवू?

जलीलाने सगळी भांडी धुऊन ज्यांची त्यांना पोचवली. जाताना मला धुण्याच्या टोपलीत लपवून नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जलीलाच्या हातून भरून परत आलो. मन्नुबियाने झाकण उघडलं, तर आत झ्रीर.

"वेडी का गं तू? मूल कुठाय?"

"मूल नाही. पण टाके आहेत, रक्त गेलंय, उठवत नाही. बाळंतिणीचं याहून वेगळं काय असतं, काकू? खा गुपचूप."

"आणि मी तुला परत काय भरून देऊ?"

"हा टोप कुणाचा आहे ते बुडाला वाचा."

मन्नुबियाने स्वतःचंच नाव वाचलं, परत करायला भांडंच नाही हे तिच्या ध्यानात आलं आणि ती पोटाशी उशी धरून हसू लागली. "हसवू नकोस गं, टाके दुखतात," असं म्हणत तिने पहिला चमचा तोंडात घातला. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच चवीने जेवली.

त्यानंतर गल्लीत माझी चंगळ झाली. आज या घरी, उद्या त्या घरी, आणि संध्याकाळी भरून आपल्याच घरी! दोन महिन्यांनी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आजार पूर्ण गेला आहे, जखम भरली आहे. त्या शुक्रवारी मन्नुबियाने मला मासळीच्या रश्शाने भरलं, दोन्ही हातांनी उचललं आणि सावकाश चालत जलीलाच्या दारी नेलं.

"ठेवून जा, काकू. उद्या काहीतरी घालून पाठवते."

"रिकामा पाठव," मन्नुबिया म्हणाली. "नाहीतर मी घेणार नाही."

मित्रांनो, आजारी माणसाच्या घरी डबा न्याल तेव्हा तो तिथेच विसरून या. त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा रिकामा घरी आलो, आणि मन्नुबियाने मला दारातच हसत हसत उचलून घेतलं.