चाकाचे जोडे घालायचं वय

जावळ कधी काढायचं, कान कधी टोचायचे, हे मी कोणाला विचारत नाही. सारी आळी मलाच विचारायला येते. पण त्या साली चाकाच्या जोड्यांनी माझी मती अशी गुंगवली की विचारू नका.

अकोल्यात आमच्या कापसाच्या गोदामापुढं फरशीचं मोठं अंगण होतं. दूर कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती म्हणे, अन् इथं आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. त्यापायी मुंबईचा एक पारशी दलाल आला आणि गोदामावरच्या खोल्यांत बायकोसकट राहिला. ही पारशीणबाई एका सकाळी जोड्यांच्या तळाला चाकं लावून अंगणात उतरली. मी म्हटलं, आता ही पडते. पडली नाही. घारीसारखी फिरली. फरशीवर कापसाची धूळ बसली होती, तिच्यात रेघा उमटल्या. एक गोल, त्याला चिकटून दुसरा गोल. जन्मभर मी हातानं रांगोळी घातली. पायानं घातलेली तेव्हाच पाहिली.

माझी नात शालू शेजारी उभी होती. सात वर्षांची. तिनं माझा पदर धरला तो सोडेचना.

"आजी, मले बी."

पारशीणबाईच्या लेकीचे लहानपणचे जोडे पेटीत होते. ती म्हणाली, "आने दो माजी, यही उमर है. मेरी बेटी तो चार बरस की थी."

"चार बरस की?" मी म्हटलं. "आमच्याकडं चार वर्षांचं लेकरू अजून अंगावर पेते!"

हसण्यावारी नेलं, पण खरी अडचण वेगळीच होती. चारच दिवसांत अमरावतीहून नत्थुजी पाटील आपल्या पोरासाठी शालूला पाहायला येणार होते. वैशाखात लग्न उरकायचा बेत होता. पोरीचा पाय मोडला तर लंगडी पोर कोण करून घेणार? अन् नाही म्हणावं, तर पोर जेवेना.

मुलाला विचारलं. उत्तमराव म्हणाला, "माय, थे लहान हाये. हाडं कवळी हायेत. दहा-बारा वर्षांची होऊ दे."

जोशीबुवांना विचारलं. त्यांनी डोळे मिटले, बोटं मोजली अन् म्हणाले, "चाक रथाला असतं, पायाला नसतं. मुहूर्त निघत नाही. पण पोर लहान, एवढं नक्की."

बाजारात डोंबारी खेळ करत होता, त्याची चिमुरडी दोरावर चालत होती. त्यालाही विचारलं. तो म्हणाला, "दुधाचे दात पडाच्या आंधी शिकवा, माय. दात पडले का अंगात भेव शिरते."

शालूचे पुढचे दोन दात तर पडून गेले होते. म्हणजे याच्या हिशेबानं उशीर झाला, त्यांच्या हिशेबानं घाई. मी पोरीकडं पाहत राहायची. ती आपली तेवढीच.

सून कौसल्या पिठात हात घालून बसली होती. खाली मान घालूनच बोलली, "आत्याबाई, परवा तर सारे म्हणत होते, पोरगी थोराड दिसते, लग्नाले उशीर झाला. सासरी जायले थोराड अन् अंगणात पडाले लहान?"

"तुले कोणी इचारलं?" मी खेकसले. पण त्या बोलण्यानं माझं डोकं पार चक्रावलं. मग मी उठले अन् शालूला म्हटलं, घाल जोडे. कपाळमोक्ष नको म्हणून गड्यांकडून साऱ्या अंगणात हातभर कापूस अंथरून घेतला. आमच्यात लेकरू पडायचं म्हटलं की खाली कापूस. शालूनं पाऊल टाकलं. चाकांत कापूस गुंडाळला गेला अन् पोर खुंटासारखी जागच्या जागी रुतली. पारशीणबाई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

"माजी, ये गादी है के जमीन?"

कापूस झाडून घेतला. तरी पोर पडायचीच. गाडीत कापूस तुडवायची तिची सवय, पाय उचलायचा अन् दाणकन आपटायचा. "उठाओ मत, सरकाओ," पारशीणबाई सांगत राहिली. तिसऱ्या दिवशी पाय सरकला. पोर चार हात गेली, आपटली अन् हसतच उठली. डोंबारी म्हणाला ते भेव कुठं शिरलं होतं, मला काही दिसलं नाही.

तेवढ्यात फाटकात बैलांची दमणी थांबली. नत्थुजी पाटील एक दिवस आधीच आले होते, उत्तमराव लगबगीनं सामोरा गेला. खाली उतरतात तोच शालू त्यांच्या पुढ्यात धपकन पडली.

"गोदाबाई, हे काय करून राहिल्या?" पाटील ओरडले. "एवढुसं लेकरू! हात-पाय मोडंन! अजून लहान हाये थे!"

"काय म्हनलं, पाटील? पुन्हा म्हना."

"लहान हाये म्हनलं."

"ऐकलं, उत्तम? पाटलाच्या तोंडानंच ठरलं. पोर लहान हाये. लहान लेकरू आमी कोणाच्या घरी देत नाई. या, पाटील, चहा-बिहा नाई आमच्याकडं, ताक घ्या."

पाटलांनी ताक घेतलं अन् दमणी जुंपायला सांगितली. मी सहा वर्षांची असताना सासरी आले. मला तेव्हा कोणी लहान म्हटलं नव्हतं. म्हटलं असतं तर बरं झालं असतं की वाईट, ते मला अजून उमजलं नाही.

पाटलांना पोचवून उत्तमराव परत आला, घाम पुसत. "माय, मंग मोठी कवा होईन थे?"

मला काय ठाऊक! अंगणात शालू पुन्हा उभी राहत होती, हात पसरून.

"थ्या जोड्यात तिचे पाय मावनासे झाले," मी म्हटलं, "का मंग पाहू."